फनकाराची रोजी आणि विद्वानाची नजर

चित्रकला हा पोटाचा धंदा असावा की नसावा, हा प्रश्न चीनमध्ये शतकानुशतके गाजला. सुंग राजवटीत परीक्षा देऊन अधिकारी झालेले विद्वान फावल्या वेळी शाईने बांबू, खडक, वठलेली झाडे काढीत. सु शी (1037–1101) हा त्यांच्यातला अग्रणी. चित्राची पारख केवळ हुबेहूबपणावरून करणे ही बालबुद्धी, असे त्याचे मत. चित्रात काढणाऱ्याचे मन आणि चारित्र्य उतरावे. म्हणून ते बाजारात विकू नये, मित्राला द्यावे. पुढे मंगोल अमदानीत मध्य आशियातून आलेल्या घराण्यातला गाओ केगोंग (1248–1310) न्यायखात्याचा मंत्री झाला आणि याच वाटेवरचा नामवंत चित्रकारही.

विचार मोहक आहे. पण त्यात एक गोम आहे. ज्याच्या घरी जमिनीचे उत्पन्न वा सरकारी पगार येतो, त्यालाच चित्र फुकट देणे परवडते. मजुरी घेऊन रंग भरणाऱ्याला या विद्वानांनी खालचा मानले. आपल्याकडे खुशनवीसांनी कुराणशरीफच्या प्रती लिहून मोबदला घेतला. त्याने त्यांचे कलम नापाक झाले, असे आपण मानत नाही. हलाल रोजीला आपल्या दीनमध्ये इज्जत आहे.

मग चिनी विद्वानांकडून घ्यायचे काय? उत्तर आमच्या खापरखेड्याजवळच मिळते. आमच्या तालुक्याचे गाव सावनेर. तिथे शाळा शिकून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेलेले द. ग. गोडसे (1914–1992) पुढे चित्रकार, नेपथ्यकार आणि इतिहासाचे अभ्यासक झाले. पुस्तकांची वेष्टने, नाटकांचे नेपथ्य हे त्यांचे व्यवसायाचे काम. त्याच हातांनी त्यांनी ‘पोत’, ‘शक्तिसौष्ठव’सारखे कलाविचाराचे ग्रंथ लिहिले, आणि ‘मस्तानी’ही.

पान खाताना जिच्या गळ्यातून रस उतरताना दिसे, ती मस्तानी लोकांना ठाऊक होती. गोरी कातडी एवढेच तिचे चित्र. छत्रसालाची लेक, समशेर बहाद्दराची आई, बाजीरावामागोमाग 1740 मध्ये निवर्तलेली आणि पाबळला दफन झालेली बाई त्या रंगाखाली झाकली गेली. तिचा मुलगा 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांसाठी लढून कामी आला, हेही फार थोड्यांना आठवते. गोडशांनी ऐकीव बदनामी बाजूला सारून कागदपत्रांतून तिचा माणूस म्हणून शोध घेतला. ती मुसलमान मानली गेली, ते हिंदू होते. इन्साफाच्या आड हे आले नाही.

साम्याच्या पलीकडे पाहा, या चिनी शिकवणीचा खरा अर्थ इथे उमगतो. पैसे घेतले की नाही, यावर फनकाराची पाकी ठरत नाही. समोरच्या माणसाचा वरचा रंग पाहून तो थांबला, की आत शिरून सत्य शोधले, यावर ठरते. ही कसोटी चित्रकाराइतकीच आपल्या हातातल्या लेखणीलाही लागू आहे. आपल्याविषयी इतरांनी काढलेल्या चित्रांची आपण तक्रार करतो, ती रास्तच आहे. पण इतरांची चित्रे आपण कशी काढतो, याचा जाब आपल्यालाही द्यावा लागणार आहे.