शाहिस्तेखानाच्या बाजूने कोण उभं राहणार?

दिवाळी जवळ आली की चिंचवड, निगडी, भोसरीच्या रस्त्यांकडेला किल्ल्यावरची चित्रं विकायला येतात. सिंहासनावरचे महाराज, तोफा, ढाल-तलवार घेतलेले मावळे, गवळण, झालंच तर एखादा वाघ. मोगल सैनिक मात्र शोधावा लागतो. पोरं दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजाबुरुजावर पहारा बसवतात. तो पहारा कुणाविरुद्ध आहे, हे कुणी विचारत नाही.

लढाई पुन्हा खेळायची आपली सुरुवात अशी होते. पुढे तेच मोठ्या प्रमाणावर चालू राहतं. गणेशोत्सवातले जिवंत देखावे, शिवजयंतीच्या मिरवणुकीतले घोडेस्वार, कोल्हापूरचे मर्दानी खेळ, खरेखुरे हत्ती-घोडे रंगमंचावर आणणारं 'जाणता राजा'. आणि दर जुलैमध्ये पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत भर पावसात चालत जाणारी शेकडो पोरं. हे सगळं आवडतं, आणि का आवडतं हे समजायला फार खोल जायला नको. वर्षभर स्क्रीनसमोर किंवा असेंब्ली लाइनवर उभं राहिलेल्या शरीराला एक दिवस मोठ्या गोष्टीचा भाग व्हायचं असतं. पुस्तकातली पावनखिंड दोन पानांत संपते. चिखलात पाय रुतला, की त्या रात्री पालखीसोबत धावणं म्हणजे काय असेल, याचा निदान अंदाज येतो.

तरीही यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा, की जिथे माणसं खरोखर मेली, त्याचा खेळ करणं बरं नाही. आपण संध्याकाळी घरी जाऊन गरम वरणभात खातो. ते गेले नाहीत. परंपरा सांगते की पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि ते सोंग उघडं पडल्यावर मारला गेला. वेश घेण्याची किंमत त्याने जिवाने दिली. आपण भाड्याने आणलेला अंगरखा दुसऱ्या दिवशी परत करतो.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. जुनी लढाई पुन्हा उभी केली की जुनं वैरही उभं राहतं, आणि त्याचा हिशोब आजच्या शेजाऱ्याकडे मागितला जातो. 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली होती. एका चित्रावरून हे होऊ शकतं, तर अख्खी लढाई उभी केल्यावर काय होईल?

माझं म्हणणं असं आहे की धोका अर्धवट लढाई खेळण्यात आहे. ती पूर्ण खेळायची ठरवली, तर हे दोन्ही आक्षेप बरेच बोथट होतात. त्यासाठी उदाहरण लांबचं नको, आपल्या चाकणचंच घेऊ.

नाशिक हायवेवर ट्रेलरच्या मागे अडकून आपण ज्या चाकणला शिव्या घालतो, त्याच गावात संग्रामदुर्ग आहे. डोंगरावरचा नाही, भुईकोट. जून 1660 मध्ये शाहिस्तेखान पुण्याहून निघून या किल्ल्यासमोर आला. किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. मदत येण्याची शक्यता जवळपास नव्हती, कारण त्याच काळात महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. म्हणजे पावनखिंड आणि चाकण एकाच पावसाळ्यातल्या. एकीवर आपण दरवर्षी चालत जातो. दुसरीवरून कंपनीची बस जाते आणि आत बसलेले बहुतेक जण झोपलेले असतात.

भर पावसात हा किल्ला पन्नासहून जास्त दिवस लढला. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली दारू भरली आणि 14 ऑगस्टला बुरुज उडवला. खिंडाराच्या आत मराठ्यांनी मातीचा बांध घालून ठेवला होता. त्या आडून ते दिवसभर लढले. दुसऱ्या दिवशी मात्र किल्ला द्यावा लागला. मोगलांचे 268 मेले आणि 600 जखमी झाले, असा आकडा जदुनाथ सरकार देतात. खानाने फिरंगोजीला मोगलांची चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली आणि तो महाराजांकडे परत गेला.

आता समजा, ही लढाई पुन्हा उभी करायची आहे. पहिला प्रश्न पात्रांचा. फिरंगोजी व्हायला रांग लागेल. खानाच्या बाजूने कोण? आणि खानाच्या बाजूला होतं तरी कोण? शरणागतीची बोलणी झाली ती राव भावसिंग हाडांमार्फत. हे बुंदीचे राजपूत. खानाच्या फौजेत मराठा सरदारही होते. पोस्टर बनवताना हे सगळं गाळता येतं, तिथे दोन चेहरे आणि एक तलवार पुरते. लढाई उभी करताना गाळता येत नाही, कारण प्रत्येक जागेवर एक माणूस उभा करावा लागतो, आणि तो कोण, कुठला, इथे का आला हे त्याला सांगावं लागतं. 'आपले' आणि 'ते' अशा दोन रांगा लावायला गेलं की रांगा मोडायला लागतात. सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन लिहिताना हेच होतं. तोंडी सांगताना जी गोष्ट सरळ वाटते, ती चालवून बघायची म्हटली की प्रत्येक रिकामा रकाना भरावा लागतो.

इंग्लंडमध्ये असं एक काम झालं आहे. 1984 च्या खाणकामगारांच्या संपात ऑरग्रीव्ह इथल्या कोकिंग प्लांटसमोर कामगार आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. 2001 मध्ये जेरेमी डेलर या कलाकाराने ती पुन्हा उभी केली. सुमारे हजार माणसं त्यात होती. बहुतेक जण हौसेने जुन्या लढाया खेळणारे होते, पण काही जण 1984 मध्ये खरोखर तिथे असलेले कामगार होते. त्यातल्या काहींनी पोलिसांची भूमिका केली. ज्याने लाठी खाल्ली, त्याने ढाल हातात घेऊन समोर बघायचं! याने पोलिसांची चूक माफ होत नाही. पण समोरून आपली गर्दी कशी दिसत असेल, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं जातं.

इंग्रज तत्त्वज्ञ कॉलिंगवूड म्हणायचा की इतिहास समजून घेणं म्हणजे भूतकाळातल्या माणसाचा विचार स्वतःच्या डोक्यात पुन्हा करणं. त्याला पोशाख आणि तलवारी अभिप्रेत नव्हत्या. त्या माणसासमोर कोणते पर्याय होते आणि त्याने हाच का निवडला, हा विचार अभिप्रेत होता. त्या अर्थाने चाकणचा सर्वांत अवघड क्षण स्फोटाचा नाही, दुसऱ्या दिवसाचा आहे. बुरुज गेला आहे, मदत येणार नाही, आत माणसं उरली आहेत. शेवटच्या माणसापर्यंत लढायचं की दार उघडायचं? फिरंगोजीने दार उघडलं. त्याला भेकड कोण म्हणेल? महाराजांनी तरी म्हटलं नाही, पुढे भूपाळगड त्याच्याच हाती दिला. पण आपल्या देखाव्यांत असा क्षण नसतो, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

पहिल्या आक्षेपाचं काय? घरी जाऊन वरणभात खाणारा माणूस मरणाची भीती अनुभवू शकत नाही, हे खरंच आहे आणि ते मान्य करूनच उतरावं. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात आगीचं मॉक ड्रिल होतं. तिथे कुणी जळत नाही, तरी तो खेळ आहे असं कुणी म्हणत नाही, कारण त्यातून दार कुठे अडतं ते कळतं. लढाईचंही तसंच. भीती कळणार नाही. पन्नास दिवस ओल्या कपड्यांत वाट बघणं किती कंटाळवाणं असतं, दारू भिजली तर काय होतं, जखमींना ठेवायचं कुठे, हे मात्र कळू शकतं. ज्या प्रयोगात मेलेल्यांना उचलायला कुणी येतच नाही, तो मला खटकतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. कुठलीही लढाई उभी राहत असेल, तर भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. चाकणमध्ये आज मराठवाड्यातला, बिहारमधला, ओडिशातला, इथल्याच मोहल्ल्यातला, असा सगळीकडचा पोरगा कामाला आहे. चिठ्ठीत खान मिळाला तर पाटलांच्या पोराने खान व्हावं, फिरंगोजी मिळाला तर शेखांच्या पोराने फिरंगोजी व्हावं. ज्या मंडळाला हे चालणार नाही, त्याला इतिहासापेक्षा दुसरंच काहीतरी उभं करायचं आहे, असं खुशाल समजावं.

आणि शेवटचा प्रसंग शरणागतीचाच ठेवावा. दार उघडतं, थकलेली माणसं एकेक करून बाहेर पडतात, आणि खानाच्या बाजूच्या लोकांना बाजूला सरून त्यांना वाट द्यावी लागते. डीजे नाही, निवेदन नाही. एवढा वेळ गप्प उभं राहायला किती जण तयार होतात, ते बघायला मला आवडेल.