हिरव्या तारेची राखण

लासूर स्टेशन

चि. पुतण्यास,

घरामागच्या पत्र्याच्या शेडात वेल्डिंग मशीन बसवतोयस, हे कळलं. फार आनंद झाला. कापूस-कांद्याच्या या गावाला ट्रॉलीची फाळकी, वखराच्या पासा सांधणारा हात कायम लागतो.

पण पहिला रॉड पेटवण्याआधी एक घोळ डोक्यातून काढ. जॉबला चिमटा लावतो त्या केबलला आपण सगळे ‘अर्थिंग’ म्हणतो. ती अर्थिंग नव्हे. होल्डरमधून गेलेला करंट मशीनकडे परत आणणारी ती वाट आहे. खरी अर्थिंग म्हणजे मशीनच्या लोखंडी बॉडीपासून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जाणारी हिरवी तार.

हा फरक मी नुकसान सोसून शिकलो. चिमटा शेडच्या खांबाला लावला होता. खांबाला अर्थिंग जोडलेली. जॉब लोखंडी टेबलावर आणि त्याच टेबलावर ड्रिल मशीन. दहा नंबरच्या रॉडचा शंभर-सव्वाशे अँपिअर करंट ड्रिलच्या बारीक हिरव्या तारेतून परतला आणि ती आतल्या आत जळाली. ड्रिल चालतच राहिलं, म्हणून दोन दिवस कळलं नाही. त्या दोन दिवसांत ड्रिलच्या बॉडीत करंट उतरला असता, तर आज हे पत्र लिहायला मी नसतो.

म्हणून चिमटा जॉबलाच लावायचा, सांध्याजवळ, गंज-रंग घासून. ट्रॉलीच्या आसाला सांधा आणि चिमटा चाकाला, असं केलंस तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ते खराब होतं.

अर्थिंगच्या खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय पाइप घाल, भोवती कोळसा-मीठ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपला सोडते, तेव्हा तिथं पाणी घालत जा. तरी नुसत्या खड्ड्यावर विसंबू नकोस. त्याचा रोध 10 ओहम असला, तर बॉडीत करंट उतरल्यावर 230 व्होल्टला 23 अँपिअरच वाहतील. 32 अँपिअरचा एमसीबी पडणार नाही. त्यासाठी करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसव आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघ.

होल्डरच्या बाजूला मात्र आरसीसीबीही वाचवत नाही, कारण मशीनमधला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या करतो. रॉड टेकवण्याआधी होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात; घामेजलेल्या अंगाला तेवढे पुरे. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट, पायाखाली कोरडी फळी हवीच. पत्रा गळत असेल त्या दिवशी काम बंद.

मशीन घ्यायला मी तुझ्यासोबत येईन. त्याआधी खड्डा खण आणि परवानाधारक वायरमनकडून तपासून घे.

तुझा काका