धारण आणि मूर्च्छा

अपरिग्रहाची गणना पतंजलीने पाच यमांत केली आहे आणि जैन परंपरेने पाच महाव्रतांत. परंतु देह आहे तोवर अन्न, वस्त्र, श्वास यांपैकी काही ना काही धारण करावेच लागते, मग संग्रह कोठे संपतो आणि परिग्रह कोठे सुरू होतो, हा प्रश्न या व्रताच्या मुळाशीच उभा राहतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात त्याचे उत्तर वस्तूंच्या मोजदादीत शोधलेले नाही. तेथे परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ अशी केली आहे, आणि मूर्च्छा म्हणजे वस्तूविषयीची अशी आसक्ती, जिच्यात माणसाचे भान हरपते. तरीही धारण करणे आणि अडकून पडणे यांतील भेद प्रत्यक्षात कसा दिसतो, हे समजण्यास एखादा दृष्टांत हवा असतो, आणि असा एक दृष्टांत माणसाच्या रक्तातच अखंड घडत असतो.

स्नायूंत ऊर्जा निर्माण होताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो व तो केशवाहिन्यांमधील रक्तात उतरतो. त्याचा अल्पसा भाग रक्तद्रवात तसाच विरघळलेला राहतो, पण बहुतांश भाग तांबड्या रक्तपेशीत शिरतो, जेथे जस्ताचा अणू धारण करणारे कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे प्रथिन, त्याचा पाण्याशी संयोग घडवते. या विकराविना ही क्रिया इतकी संथ असते की केशवाहिनीतून जाण्यास रक्ताला मिळणारा सेकंदाहून कमी अवधी तिला पुरला नसता. या संयोगातून धनभारित हायड्रोजन आयन आणि ऋणभारित बायकार्बोनेट आयन निर्माण होतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण. बायकार्बोनेट पेशीच्या आवरणातील ‘बँड ३’ नावाच्या प्रथिनातून बाहेर रक्तद्रवात जाते, आणि प्रत्येक बायकार्बोनेटच्या बदल्यात एक क्लोराइड आयन आत येतो. एकेका पेशीवर या प्रथिनाचे सुमारे दहा लाख रेणू असतात, आणि ऊतींकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७० टक्के वायू बायकार्बोनेटच्या रूपातच प्रवास करतो. फुप्फुसांत हीच क्रिया उलट दिशेने होते: बायकार्बोनेट आत येते, क्लोराइड बाहेर जातो, आणि पुन्हा घडलेला कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे निघून जातो.

या देवघेवीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, नुसते ऋणभारित बायकार्बोनेटच बाहेर पडत राहिले असते तर पेशीत धनभार साचून ते बाहेर जाणेच थांबले असते. पेशीला सोडणे शक्य होते ते स्वीकारण्यामुळे, आणि येण्याची व जाण्याची वाट एकच असून तिची दिशा दोन्ही बाजूंच्या आयनांच्या प्रमाणावरून ठरते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे जे चक्र सांगितले आहे, त्यातही देणे आणि घेणे एकमेकांवर उभे आहे. त्याग म्हणजे केवळ रिते होणे, ही समजूत तेथे टिकत नाही.

मागे राहिलेला हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन, स्वतःकडे घेते आणि त्यामुळे प्राणवायूवरील त्याची पकड सैल होते. हा परिणाम ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये हॅसलबाल्ख आणि क्रोग यांच्यासह कोपनहेगन येथे मांडला. अर्थात, ज्या ऊतीत कार्बन डायऑक्साइड अधिक, म्हणजेच जेथे काम अधिक, तेथेच प्राणवायू अधिक सुटतो. शिवाय ही पेशी स्वतः वाहून नेत असलेला प्राणवायू आपल्या ऊर्जेसाठी वापरत नाही, कारण तो वापरणाऱ्या तंतुकणिका तिच्यात नसतात. तिला निष्काम कर्मयोगी म्हणण्याचा मोह होतो; परंतु जिला राखून ठेवण्याचा पर्यायच नाही, तिच्या सोडण्याला व्रत म्हणता येत नाही. दृष्टांताची ही मर्यादा मान्य केली, म्हणजे त्यातून खरोखर काय शिकता येते ते स्पष्ट होते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते; प्राणवायूच्या जागा त्याने अडतात, आणि जो थोडा प्राणवायू धरलेला असतो तोही ऊतींना सहज सोडला जात नाही. रक्तात हिमोग्लोबिन तेवढेच असते, त्याच्या जागाही भरलेल्या असतात, आणि तरीही शेगडीशेजारी झोपलेला माणूस बेशुद्ध होतो. धर्मचिंतनातील मूर्च्छा आणि देहाची मूर्च्छा येथे एकाच शब्दात भेटतात: दोन्हींत धारण केलेले पुष्कळ असते, पण गरजेच्या ठिकाणी हाताची मूठ उघडत नाही.

यावरून अपरिग्रहाची कसोटी थोडी नेमकी होते. हिमोग्लोबिन फुप्फुसात घट्ट धरते आणि राबणाऱ्या स्नायूत सैल सोडते. त्याच्या धरण्याला भोवतालची गरज कळावी, अशीच त्याची रचना आहे. ही रचना माणसाच्या मनाला जन्मतः लाभलेली नाही, म्हणूनच त्याला व्रताची आवश्यकता भासते. जैन गृहस्थासाठी सांगितलेले परिग्रह-परिमाण, म्हणजे आपल्या संग्रहाची मर्यादा स्वतःच आखून घेण्याचे अणुव्रत, गृहस्थाने सर्वस्व सोडावे अशी अपेक्षा करत नाही. धरलेले सोडता येण्याची क्षमता त्याने जाणीवपूर्वक जिवंत ठेवावी, एवढेच ते मागते, आणि संसारात राहणाऱ्या माणसाकडे एवढे मागणे हे थोडे नव्हे.