पुन्हा शिकलेल्याची मुलाखत

नोकरी सांभाळून पुन्हा शिकलेल्या माणसाला मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: या वयात शिक्षण कशासाठी? देहूरोडहून चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या डिप्लोमाधारकाने त्याचं उत्तर कामातूनच द्यावं. कोणत्या मशीनवर रिजेक्शन वाढलं होतं, कारण कसं सापडलं आणि नव्या अभ्यासामुळे तेच काम आज वेगळं कसं होईल, हे नेमकं सांगता आलं की अनुभवाची वर्षं मोजून दाखवावी लागत नाहीत. वयाने लहान वरिष्ठाच्या हाताखाली काम कराल का, असंही विचारतात; तिथे मुळीच अवघडू नये; पद मिळाल्यावरही पुन्हा शिकणाऱ्याच्या जागी बसण्यात कमीपणा नसतो. देहूरोडला १९५४ साली बुद्धमूर्तीची स्थापना करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजातलं प्राध्यापकपद सोडून लंडनला पुन्हा विद्यार्थी झाले होते.