पावती पाहिजे का?

हजला किंवा उमराहला निघालेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला नातेवाईक विचारतात, "आमच्यासाठी दुआ कराल ना?" दुसरा रियाल विकणारा विचारतो, "पावती पाहिजे का?" पहिल्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्यापाशी मात्र भलेभले अडखळतात, कारण पावती घेतली तर भाव एक असतो आणि न घेतली तर दुसरा. घासाघीस करून, चार पैसे वाचवून माणूस घरी येतो आणि इहरामच्या चादरी, तसबीह, औषधे यांच्या यादीत 'रियाल' या शब्दापुढे टिक करतो. विषय संपतो. आम्हांला वाटते, तो तिथे संपत नाही. उलट तिथूनच सुरू होतो.

प्रवासासाठी पैसा बरोबर घेणे ही दुनियादारी आहे आणि हजसारख्या इबादतीत तिचा विचार कशाला, असे काही भाविक म्हणतात. पण कुरआनाची भूमिका तशी नाही. सूरह बकरामध्ये हजच्या नियमांच्या ओघातच प्रवासाची शिदोरी बरोबर घ्या, असा स्पष्ट हुकूम आला आहे. येमेनहून काही लोक शिदोरीशिवाय निघत, आमचा भरवसा अल्लाहवर आहे असे म्हणत, आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यांच्या संदर्भात हा हुकूम उतरल्याचे हजरत इब्ने अब्बास सांगतात. याच आयतीत पुढे सर्वांत उत्तम शिदोरी कोणती तेही सांगितले आहे: तकवा. एकाच आयतीत पैसा आणि तकवा शेजारी शेजारी बसले आहेत. म्हणजे खिशातली शिदोरी मनातल्या शिदोरीला धक्का न लावता जमवायची आहे.

सूरह कहफमधील गुहेतल्या तरुणांची गोष्ट घ्या. दीर्घ झोपेनंतर जागे झाल्यावर ते एका साथीला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवतात. भूक लागलेली, जीव धोक्यात, तरीही सांगणे काय? अधिक शुद्ध अन्न कोणते ते पाहून आण. परक्या झालेल्या गावात, जुन्या नाण्यानिशी खरेदीला निघालेला हा माणूस आम्हांला प्रत्येक प्रवाशाचा पूर्वज वाटतो. त्याला स्वस्त काय ते पाहायला सांगितले नव्हते, शुद्ध काय ते पाहायला सांगितले होते.

आता थोडा इतिहास. सौदी अरबस्तानात एकेकाळी चांदीचे रियाल चालत. हाजींना जड नाणी वागवावी लागू नयेत म्हणून १९५३ साली तेथील चलन संस्थेने 'हाजींच्या पावत्या' छापल्या. नाणी जमा करा, पावती घ्या, आणि तीच पावती बाजारात चालवा. लोकांना त्या इतक्या सोयीच्या वाटल्या की हज करणारे आणि न करणारे सगळेच त्या वापरू लागले. अधिकृत कागदी नोटा आल्या त्या १९६१ साली. म्हणजे ज्या रियालच्या नोटेसाठी आपण पावती नको म्हणतो, ती नोट तिथे प्रथम पावती म्हणूनच जन्माला आली!

आपल्याकडचा इतिहासही यापासून दूर नाही. पन्नासच्या दशकात भारतीय रुपया आखाताच्या अनेक भागांत सर्रास चालत असे. तिथे रुपये देऊन सोने घ्यायचे आणि ते चोरून इकडे आणायचे, असा धंदा फोफावला. त्याला आळा घालण्यासाठी १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढण्यात आल्या, आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. पुढे हाजींच्या चलनाची सोय हज कमिटीकडे आली. कमिटीमार्फत जाणाऱ्याला निघताना २१०० रियाल हातात मिळत. २०२३ च्या हज धोरणात ही पद्धत बंद झाली. आपापल्या गरजेप्रमाणे चलन घ्यावे असे ठरले आणि स्टेट बँकेमार्फत सोय करण्यात आली. मोकळीक मिळाली, आणि मोकळीक मिळाली की नैतिक प्रश्नही आपसूक दारात येतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून लागू आहे. परवाना असलेल्या बँकेकडून किंवा चलन बदलून देणाऱ्याकडूनच परकीय नोटा घ्याव्यात, ही त्यातली मुख्य अट. पन्नास हजार रुपयांपर्यंतची खरेदी रोखीने करता येते. त्यापुढे चेक, कार्ड किंवा बँकेमार्फत पैसे द्यावे लागतात. इतर देशांना जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना एका खेपेला तीन हजार डॉलरपर्यंतच रोख नोटा नेता येतात. हज-उमराहच्या यात्रेकरूंना मात्र या मर्यादेतून सूट आहे. तेव्हा कायद्याने आपली अडवणूक केली, असे म्हणायला जागा नाही. फिकहमध्ये 'जरूरत' नावाची सवलत आहे, पण ती खऱ्या अडचणीसाठी आहे.

मग पावती टाळून वाचते ते काय? जीएसटीचा हिशेब मांडून पाहा. एक लाख रुपयांपर्यंतच्या चलन बदलावर एक टक्का रक्कम, किमान अडीचशे रुपये, करपात्र धरली जाते आणि त्यावर अठरा टक्के कर लागतो. पंचवीस हजारांच्या रियालवर हा कर पंचेचाळीस रुपये होतो, एक लाखावर एकशे ऐंशी. भावातला फरक वेगळा, पण तो दोन-चार परवानाधारक दुकानांत चौकशी करून कमी करता येतो. आयुष्यभर एकेक रुपया जोडून, कर्ज फेडून, बहिणींचे हक्क देऊन, कमाईत हरामचा अंश नाही ना याची खात्री करून माणूस हजला निघतो, आणि अखेरच्या पायरीवर एवढ्याशा फरकासाठी डोळे मिटून घेतो. याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

यावर तीन युक्तिवाद ऐकू येतात. सगळेच करतात, हा पहिला. त्याला उत्तर देण्याची गरज नाही. दुसरा असा की हा सरकारचा कायदा आहे, शरीयतचा नव्हे. पण पासपोर्टच्या अर्जावर आपण सही करतो. या देशाचे नागरिक म्हणून त्याच्या संरक्षणाखाली प्रवास करतो. हा एक करार आहे, आणि सूरह माइदाची सुरुवातच श्रद्धावंतांना करार पाळा असे सांगून होते. जो कायदा गुनाह करायला भाग पाडत नाही तो पाळावा, असे अनेक उलेमांनी सांगितले आहे. तिसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे: यात नुकसान कोणाचे होते?

नुकसान दिसत नाही, कारण ते लांब होते. बिनपावतीचा स्वस्त रियाल येतो कोठून? आखातात राबणारा आपलाच कोणी भाऊ बँकेऐवजी हवालावाल्याकडे पगार देतो. त्याच्या घरी रुपये पोहोचतात, पण रियाल देशात येत नाहीत. ते तिकडेच राहतात आणि चोरट्या सोन्याला किंवा लपवलेल्या व्यापाराला भांडवल पुरवतात. त्यातल्याच काही नोटा फिरत फिरत आपल्या हाती येतात. स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजलेली असते, फक्त तिची पावती आपल्यापर्यंत येत नाही. शिवाय नोट बनावट निघाली तर दाद कोणाकडे मागायची? विमानतळावर विचारणा झाली तर काय दाखवायचे? साठी ओलांडलेल्या हाजींना या संकटात ढकलणाऱ्या एजंटाला खादिम म्हणावे का, हाही प्रश्नच आहे.

या व्यवहाराचे शब्द मात्र आपल्याच घरातले आहेत. मराठीतला 'सराफ' अरबी 'सर्राफ'वरून आला. नाण्यांच्या अदलाबदलीला फिकहमध्ये 'सर्फ' म्हणतात, ती करणारा तो सर्राफ. 'हवाला' हाही फिकहमधला सभ्य शब्द. एकाचे देणे दुसऱ्याने अंगावर घेणे एवढाच त्याचा अर्थ. तो बदनाम झाला तो वापरणाऱ्यांमुळे. हजरत उबादा बिन सामित यांच्या प्रसिद्ध हदीसनुसार दोन वेगळ्या जातींच्या नाण्यांत भाव आपसात ठरवता येतो, पण देवघेव हातोहात व्हायला हवी. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने १९८६ साली अम्मान येथे कागदी चलनालाही हेच नियम लागू असल्याचे ठरवले. आज भाव पक्का करून थोडे पैसे द्यायचे आणि महिन्याने नोटा घेऊन बाकी भागवायची, ही पद्धत म्हणूनच शंकास्पद ठरते. एकमेकांना शब्द देणे वेगळे आणि उधारीवर सौदा करणे वेगळे.

आमच्या खाडीपट्ट्यात सर्वांत अवघड प्रसंग दुकानात नव्हे, घरात येतो. जिद्दाहून भाच्याचा फोन येतो, "मामू, रियाल कशाला घेताय? मी मक्केत आणून देतो. तुम्ही तिकडे अम्मीला रुपये द्या." यात लोभ नाही, माया आहे. तरीही दोन गोष्टी पाहाव्या लागतात. परदेशात राहणाऱ्याच्या वतीने इथे रुपये चुकते करण्याची ही साखळी कायद्याला मान्य नाही. आणि शरीयतच्या बाजूने पाहिले तर तिकडे रियाल आज, इकडे रुपये पुढच्या महिन्यात, म्हणजे हातोहातची अट मोडली. कर्ज म्हणून रियाल घेतले तर रियालच परत करावेत, किंवा फेडीच्या दिवशी त्या दिवसाच्या भावाने हिशेब करावा, असे फुकहा सांगतात. घेतानाच भाव बांधून ठेवू नये. आमच्या मते त्याहून सरळ वाट अशी: भाच्याने अम्मीचे पैसे बँकेतून पाठवावेत, मामूंनी आपले रियाल आपण घ्यावेत, आणि भाच्याला खरोखर काही द्यायचे असेल तर ते हदिया म्हणून द्यावे. हदिया द्यायला भाव लागत नाही.

भावाचेच निघाले म्हणून सांगतो. १९८६ पासून एका डॉलरला पावणेचार रियाल हा दर बांधलेला आहे. त्यामुळे रियाल आपल्याला महाग होतो तो रुपया डॉलरसमोर घसरतो म्हणून. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला तेव्हा रियालनेही अठरा रुपये ओलांडले, आणि त्या वर्षीच्या हजला दोनच महिने उरले होते. अशा वेळी लवकर चलन घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे, त्यात वावगे काही नाही. नियमाप्रमाणे प्रवासाआधी साठ दिवसांपर्यंत ते घेता येते. पण गरजेपेक्षा जास्त घेऊन, भाव चढला की सोबत्यांना विकू, असा बेत शिरला की हेतू बदलतो. इमाम गझालींनी पैशाला आरशाची उपमा दिली आहे. आरशाला स्वतःचा रंग नसतो, तो दुसऱ्याचे रंग दाखवतो. पैसा वस्तूंची किंमत दाखवण्यासाठी आहे, स्वतः वस्तू होण्यासाठी नाही. पुढे जाऊन आम्ही म्हणू, तो माणसाची किंमतही दाखवतो.

उपदेश करणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. तालुक्याच्या गावी बँकेत रियाल मिळत नाहीत. पेटीत नोटा साठवलेल्या एखाद्या बेवा खालांना मुंबई किंवा पुणे गाठणे जमत नाही. दारात येणारा एजंटच त्यांना सोयीचा वाटतो. त्यांना दोष देऊन भागणार नाही. हजच्या तरबियती कॅम्पमध्ये तवाफ आणि सई शिकवतात, तसा एक तास पैशाच्या व्यवहारासाठी द्यावा. जमातीने पुढाकार घेऊन परवानाधारक चलनवाल्याला त्याच दिवशी बोलवावे. खालांचे पैसे आधी त्यांच्या खात्यात भरून द्यावेत. परतल्यावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त चलन उरले तर जादा रक्कम एकशे ऐंशी दिवसांत परत करायची असते, हेही सांगावे. शिकलेल्या तरुणांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे.

हज कबूल झाला की नाही, याची पावती या दुनियेत कोणालाही मिळत नाही. हाजी उमेद बाळगून परततो आणि उरलेले आयुष्य त्या उमेदीवर काढतो. म्हणून ज्या गोष्टींची पावती इथे मिळू शकते, ती तरी मागून घ्यावी. विकणाऱ्याने विचारले, "पावती पाहिजे का?" तर न अडखळता म्हणावे, "हो, पाहिजे. आमच्या नावाची, पूर्ण रकमेची."