कॅमेरा कोणाचा, हॉल कोणाचा

डोंबिवलीच्या टिळकनगरात, ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या पारनाक्याकडच्या जुन्या इमारतींत गेल्या काही वर्षांत टीव्हीशेजारी एक नवा पडदा येऊन बसला आहे. त्याला कॅमेरा आहे, मायक्रोफोन आहे आणि तो चोवीस तास नेटला जोडलेला असतो. कुठे तो ॲमेझॉनचा इको शो असतो, कुठे टीव्हीलाच लावलेला कॅमेरा. घेतलेला असतो बहुधा मुलाने किंवा मुलीने. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत, आणि आईवडील दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला मोबाइलवरचे हिरवे बटण सरकवणे हे मोठे काम असते. इथे नुसते नाव घेतले की नातू समोर दिसतो. हा लाभ खरा आहे, त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. अडचण दुसरीच आहे. या उपकरणांच्या खासगीपणाची चर्चा ‘कंपनी आपले ऐकते का’ या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. त्याहून अवघड प्रश्न घराच्या आतला आहे, कारण ज्याच्या हाती खाते आणि पासवर्ड आहे तो कॅमेऱ्यासमोर बसत नाही आणि जी व्यक्ती दिवसभर कॅमेऱ्यासमोर असते तिच्या हाती काहीच नसते.

कंपनीविषयीची भीती निराधार आहे असे नाही. ॲलेक्साशी झालेल्या संभाषणांतले काही नमुने ॲमेझॉनचे कर्मचारी ऐकतात, हे २०१९ मध्ये ब्लूमबर्गने उघड केले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे साठवून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलर भरायला लावले. त्याच सुमारास ॲमेझॉनच्याच मालकीच्या ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीला ५८ लाख डॉलर भरावे लागले, कारण तिच्या नोकरांना ग्राहकांच्या घरातली चित्रणे पाहता येत होती आणि काहींनी ती पाहिलीही होती. फेसबुकने २०१८ च्या ऑक्टोबरात ‘पोर्टल’ नावाचे व्हिडिओ कॉलिंगचे उपकरण जाहीर केले, तेही कोट्यवधी खात्यांना भगदाड पडल्याची कबुली देऊन आठवडा-दोन आठवडेच झाले असताना. त्यावरून मिळालेली माहिती जाहिरातींसाठी वापरणार नाही, असे आधी सांगितले. मग कोणाला, किती वेळ फोन झाले याची माहिती वापरली जाऊ शकते, असे मान्य केले. २०२२ मध्ये कंपनीने सामान्य ग्राहकांपुरते ते दुकान बंदच केले. या सगळ्यात एक गोष्ट दिलासा देणारी आहे: कंपनीला जाब विचारणारे कोणीतरी आहे. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियमही निघाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे, तरी दार निदान किलकिले झाले आहे.

पण याच कायद्याचे तिसरे कलम सांगते की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. अपवाद शहाणपणाचा आहे. नाहीतर मुंजीचे फोटो नातेवाइकांना पाठवतानाही संमतीपत्र लागले असते. मात्र त्याचा परिणाम असा की मुलगा परदेशातून आईच्या हॉलमध्ये दिवसाला दहा वेळा डोकावला तर त्याबद्दल या कायद्याला काही म्हणायचे नाही. आणि डोकावण्याची सोय उपकरणातच आहे. इको शोमध्ये ‘ड्रॉप इन’ म्हणून प्रकार असतो: ज्याला एकदा परवानगी दिली त्याचा फोन वाजून उचलला जाण्याची वाट पाहत नाही, आपोआप जोडला जातो. सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर राहते, मग स्पष्ट होते. परवानगी द्यायची असते हे खरे. पण उपकरण बसवायला सुट्टीत आलेला मुलगाच दोन्ही बाजूंच्या परवानग्या स्वतःच्या अंगठ्याने देऊन जातो.

घराच्या आत न्यायालये अजिबात शिरत नाहीत असेही नाही. एकाच वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने राहत्या भागात सीसीटीव्ही लावले, तेव्हा सहनिवाशाच्या संमतीवाचून ते चालवता येणार नाहीत असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पण तिथे भाऊ भावाविरुद्ध कोर्टात गेला होता. दर महिन्याला औषधांचे पैसे पाठवणाऱ्या लेकाविरुद्ध कोणती आई जाईल?

आपल्या घरांची रचना या प्रश्नाला आणखी टोक आणते. अशा उपकरणांविषयीचा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘बेडरूममध्ये ठेवू नका’. गूगलने २०१८ मध्ये आपला पहिला होम हब मुद्दाम बिनकॅमेऱ्याचा काढला, तो शयनगृहातही निर्धास्त ठेवता यावा म्हणून. हा सल्ला ज्या घरांना गृहीत धरतो त्यांत खोलीगणिक काम ठरलेले असते. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये हॉल हीच बेडरूम असते. सकाळी तिथे पेपर वाचला जातो, दुपारी त्याच दिवाणावर आई आडवी होते, गुडघ्याला तेल चोळते, पाहुणे आले की तिथेच बसतात, आणि रात्री सांभाळायला येणारी ताई त्याच कोपऱ्यात सतरंजी अंथरून साडी बदलते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एखादी खोली जास्त असेल; जुन्या डोंबिवलीत कॅमेऱ्याला ‘योग्य जागा’ नावाची जागाच नाही.

यावर सर्वांत ठसठशीत आक्षेप आपल्याच जीवनपद्धतीतून येतो. चाळीत वाढलेल्या माणसांना कसला आला खासगीपणा? दारे सताड उघडी, कोणाकडे काय शिजले ते मजल्यावर सगळ्यांना ठाऊक. आक्षेप खरा आहे आणि अपुराही. चाळीतली नजर दुहेरी होती. जिला तुमच्या घरातले दिसे तिच्या घरातले तुम्हालाही दिसे. बघणारी समोर उभी असल्यामुळे पदर सावरता येई, विषय बदलता येई, फारच झाले तर दार लोटता येई, आणि लोटलेल्या दारावर थाप मारायची की नाही याचे संकेत मजल्यावर सगळ्यांना माहीत होते. शिवाय त्या नजरेचे चित्रण कुठे साठत नव्हते. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीची तरुणाई नटूनथटून येते ती बघायला आणि दिसायलाच. पण तिथे जायचे की घरी लोळत पडायचे हे ज्याचे तो ठरवतो. दिसण्यात काही वाईट नाही, आपण कधी दिसतो आहोत हे कळण्याची सोय हवी.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलक्याने घेता येत नाही. एकटी राहणारी बाई पडली तर? सांभाळणारीने हात उगारला तर? २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले, आणि या पट्ट्यात कॅमेऱ्याविषयी शंका काढणे म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणे, असे वातावरण झाले. पण शाळा ही अनेकांची मुले सोपवण्याची जागा आहे, घर नव्हे. म्हातारी माणसे पडतात ती बऱ्याचदा ओल्या न्हाणीघरात, जिथे कॅमेरा लावण्याचा विचारही कोणी करत नाही. तिथे गळ्यातले धोक्याचे बटण, भिंतीवरचा दांडा आणि किल्ली जवळ असलेला शेजारी जास्त उपयोगी. आणि कॅमेरा स्वतःही धोका आणतोच. राजकोटच्या प्रसूती रुग्णालयातली स्त्रियांच्या तपासणीची चित्रणे २०२५ च्या फेब्रुवारीत यूट्यूब-टेलिग्रामवर विकली जात असल्याचे उघड झाले, तेव्हा पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत तर व्हिडिओ कॉल हेच हत्यार असते: खोटा पोलीस म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल सावध करावे लागले. पडद्यावरून कोणी आज्ञा केली की ऐकायची, कॅमेरा आपण बंद करायचा नसतो, ही सवय घरातल्याच उपकरणाने लागत असेल तर तिची किंमत वेगळ्या खात्यात मोजली जाईल.

‘पण आईची काही हरकत नाही’ हे उत्तर मात्र तपासून घ्यायला हवे. २०२३ चा कायदा संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी म्हणतो. “तुला तिकडे बरं वाटतं ना, मग असू दे बाबा,” ही संमती प्रेमळ आहे, पण या चारांपैकी एकाही कसोटीला ती पुरी उतरत नाही. कसोटी लावायचीच तर सोपी आहे. न्यू जर्सीच्या हॉलमध्येही असेच उपकरण ठेवावे आणि आईला न विचारता तिथे डोकावायची मुभा द्यावी. सुनेला ते जितके चालेल तितकेच इकडे सासूला चालते, असे धरून चालावे.

आणि सांभाळणाऱ्या ताईचे काय? दिवा, कळवा, विठ्ठलवाडीहून लोकलने येऊन बारा-बारा तास थांबणाऱ्या या बाईला तर कोणी विचारतही नाही. तिच्या दृष्टीने ते घर नाही, कामाची जागा आहे. तरी ‘घरगुती’ या एका विशेषणाखाली तीही कायद्याबाहेर ढकलली जाते. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये घरगुती अपवादाचा अर्थ आखडता धरला आणि घरावरचा कॅमेरा रस्ता टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती राहत नाही, असे ठरवले. पगारावर काम करणाऱ्या व्यक्तीपर्यंत तोच विचार आपल्याकडे न्यायला हरकत नसावी, आणि त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. या शहरांत अशा बायका बहुतेक ब्युरोमार्फत येतात. ब्युरोच्या छापील करारात सुट्ट्या, जेवण, रात्रपाळीचा दर सगळे असते. त्यात चार ओळी वाढवायला हव्यात: घरात कॅमेरा आहे की नाही, तो कोण पाहतो, चित्रण साठते का, आणि कपडे बदलताना, झोपताना त्याची झडप लावायचा अधिकार तिला आहे. आईसाठीही यादी याहून मोठी नाही. आपोआप जोडला जाणारा फोन बंद, झडप लावायची मुभा तिला, खाते तिच्या नावावर आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर. फोन वाजेल, ती उचलेल किंवा नाही उचलणार. दुपारी दोन ते चार तर बहुधा नाहीच.