भाराक्रांतांचे हसू

मननासाठी : नीतिसूत्रे १७:२२, स्तोत्रसंहिता १२६ व १२७



आमच्या मंडळीतील एक भगिनी रुग्णालयात परिचारिका आहेत. एका रविवारी उपासना संपल्यावर पटांगणात आम्ही त्यांना सहज विचारले, "सिस्टर, हल्ली तुमचे हसणे ऐकू येत नाही. बरे आहे ना?" त्या म्हणाल्या, "सर, रात्रपाळीला ४० खाटा आणि आम्ही दोघी. हसणे रजेच्या दिवसासाठी राखून ठेवले होते, पण रजाच मंजूर होत नाही." एवढे बोलून त्या हसल्या खऱ्या, पण पदराने डोळेही पुसले.

हे एका भगिनीचेच दुःख नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय सुरू केले. त्या काळापासून आपल्या कितीतरी घरांतील मुली रुग्णसेवेत गेल्या, कितीतरी घरांतून शिक्षक निघाले. आज आपली मुले बँकेत आहेत, रेल्वेत आहेत, हैदराबादेस व पुण्यास संगणकाच्या कंपन्यांत आहेत. रात्री दहा वाजता जेवणाचे ताट पुढे असते आणि मोबाइलवर साहेबांचा निरोप येतो. घास हातात राहतो. अशा माणसास आपण जाऊन सांगावे की "बाबा, आनंदी राहा", तर तो मनात म्हणेल, "तुमचे काय जाते सांगायला?" म्हणून हा विषय हलक्या हाताने घेण्यासारखा नाही. भाराखाली वाकलेल्या माणसाला हसू येते तरी कोठून, आणि ते कोणते असावे, याचा आज आपण शास्त्राच्या उजेडात विचार करू.

प्रथम हे पाहू की हसण्याला पवित्र शास्त्रात जागा आहे काय. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, चेहरा जितका लांब तितकी भक्ती मोठी. पण शलमोनाच्या नावाने असलेल्या नीतिसूत्रांत आनंदी अंतःकरणास औषधाची उपमा दिली आहे आणि खचलेल्या मनामुळे हाडेसुद्धा सुकतात असा इशारा दिला आहे. स्तोत्रसंहितेत तर एक मोठी गंमत आहे. १२६ व्या स्तोत्रात बंदिवासातून परतलेल्या लोकांची तोंडे हास्याने भरली असे वर्णन येते. त्याला लागूनच १२७ वे स्तोत्र आहे. त्यात पहाटे उठणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या आणि कष्टाची भाकर खाणाऱ्या माणसाला सांगितले आहे की, परमेश्वर घर बांधीत नसेल तर तुझे हे सगळे श्रम व्यर्थ आहेत. तो आपल्या प्रियजनांना झोपही देतो. यरुशलेमेची वाट चढणारे यात्रेकरू ही दोन्ही स्तोत्रे गात. हास्याचे स्तोत्र आणि श्रमाचे स्तोत्र असे शेजारी शेजारी नांदतात. आपण मात्र त्यांची फारकत करून टाकली आहे.

प्रभू येशू रडला असे शुभवर्तमानात लिहिले आहे; हसला असे कोठे लिहिलेले नाही. परंतु त्याचे बोलणे ऐकून लोक हसले नसतील असे आम्हांस वाटत नाही. स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन हा मनुष्य शेजाऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढावयास निघाला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा! आपल्या भाषेत ते इतके मुरले आहे की ज्यांनी शास्त्र कधी उघडले नाही तेही कुसळ-मुसळाची गोष्ट बोलतात. पेयातून चिलट गाळून काढणारा आणि सबंध उंट गिळणारा शास्त्रीही तसाच. हे बोलणारा नासरेथच्या सुताराच्या घरात वाढलेला होता. लाकूड, कुसे, डोळ्यात उडणारा भुसा, हे सर्व त्याने पाहिले होते. कामाच्या जागेवरून उचललेला हा विनोद आहे.

मग प्रश्न उरतो की, हे हसू आपणांस का येत नाही? काम फार आहे म्हणून, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. बेथानीच्या मार्थेकडे पाहा. तिचे काम खोटे नव्हते. पाहुणे होते, चूल होती, भांडी होती. प्रभूने तिच्या स्वयंपाकास नावे ठेविली नाहीत. ती पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करते व दगदग करते, एवढेच त्याने तिला दाखवून दिले. ज्या क्षणी आपणांस वाटू लागते की, मी नसलो तर हे घर, ही शाळा, ही कचेरी, एवढेच काय ही मंडळीसुद्धा कोसळेल, त्या क्षणी हसू पळते. कारण मग आपण चाकराचे काम सोडून धन्याचे काम अंगावर घेतलेले असते, आणि ते आपल्या खांद्यांना पेलणारे नाही.

१५२२ सालच्या मार्च महिन्यात मार्टिन लूथर वार्टबर्गच्या किल्ल्यातून विटेनबर्गास परत आला. गावात मोठी खळबळ माजली होती. त्याने लागोपाठ आठ दिवस उपदेश केले. त्यांपैकी एकात त्याने सांगितले की, मी फक्त वचन शिकविले व लिहिले. मी झोपलो होतो आणि मित्रांबरोबर बसलो होतो तेव्हा बाकीचे सारे त्या वचनानेच केले. एवढी मोठी धर्मसुधारणा शिरावर असलेला मनुष्य आपल्या झोपेची अशी गोष्ट सांगतो! हा आळस नव्हे. लूथराइतके काम करणारे थोडेच. हा विश्वास आहे. ज्याला ठाऊक आहे की जग माझ्या खांद्यावर नाही, त्याच्या खांद्यांना हसताना हलावयास मोकळीक असते.

वर सांगितलेल्या परिचारिका भगिनीकडे पुन्हा वळू. पुढे काही आठवड्यांनी त्या भेटल्या तेव्हा त्यांनीच एक हकिगत सांगितली. एका खेडेगावच्या आजीबाईंचे सकाळी ऑपरेशन होते. रात्री सिस्टरांनी घाईघाईत बजावले, "आजी, आता तोंडात काहीएक ठेवायचे नाही हं." पहाटे येऊन पाहतात तो उशाशी रुमालावर मिश्रीची डबी, एक सुपारी आणि दातांची कवळी ओळीने मांडून ठेवलेली. "अगं आजी, हे काय?" आजी बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना पोरी, काही ठेवू नको म्हणून!" कवळी तर काढावयाचीच होती, ते सांगण्याचे काम आजींनी वाचविले. सिस्टरांनी विचारले, "आता प्रार्थना कशी म्हणणार?" आजी म्हणाल्या, "त्याला बिनदाताचं कळतं."

सिस्टर म्हणाल्या, "सर, महिन्याभरात मी पहिल्यांदा पोटभर हसले. आजीही हसल्या. खाटा ४० च होत्या, आम्ही दोघीच होतो. पण त्या सकाळी मला वाटले की वॉर्ड माझ्या एकटीच्या अंगावर नाही. त्याला बिनदाताचे कळते, तर माझे थकलेलेही कळत असेल."

आणखी एक गोष्ट आठवते. २०२० व २०२१ साली करोनाच्या साथीत डॉक्टर व परिचारिका डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक पोशाखात असत. रोग्याला कोणाचाही चेहरा दिसत नसे. तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी पोशाखावर पेनाने आपले नाव लिहिले, कोणी शेजारी हसरा चेहरा काढला. घामाने निथळत असलेल्या माणसाने छातीवर काढलेले ते वेडेवाकडे हसू, घाबरलेल्या रोग्याशी बोलत होते की, आत माणूस आहे, भिऊ नका.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण हसण्याला दुसरी बाजू आहे व ती आम्ही आमच्याच हातांनी केलेल्या पापातून शिकलो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दिवसा शाळेत शिकवीत असू व रविवारी संडे स्कूल चालवीत असू. परीक्षेचे दिवस होते. शाळेचे गठ्ठे तपासून डोळे दुखत होते, त्यात संडे स्कूलचेही पेपर आले. प्रश्न होता, जक्कय उंबराच्या झाडावर का चढला? एका मुलाने लिहिले होते : "त्याला भूक लागली होती व झाडाला उंबरे होती. म्हणून येशू म्हणाला की तुझ्या घरी येतो." आम्ही ते उत्तर सोबतच्या शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखविले, वर आमची पुस्ती जोडली. सगळे खो खो हसले. दिवसभराचा शीण गेला. मान वर केली तो दारात तो मुलगा उभा होता. कोणाचीतरी राहिलेली वही द्यावयास आला होता. वही टेबलावर ठेवून तो निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा कळले की, वडिलांचे काम सुटले आहे आणि दोन महिने त्या घरात दोन्ही वेळा चूल पेटत नाही. त्या लेकराने आपल्या भुकेतून जक्कयाकडे पाहिले होते, आणि भुकेल्याच्या घरी प्रभू येतो एवढे त्याला समजले होते. ते आम्हांस समजले नव्हते. आम्ही त्याची व त्याच्या आईवडिलांची क्षमा मागितली. मंडळीने धान्य पोहोचविले. मुलगा काही बोलला नाही. तो परत येऊ लागला, पण उत्तरासाठी हात वर करावयास त्याला पुरते वर्ष लागले. आमचा शीण दहा मिनिटांत गेला होता. तो त्या मुलाने वर्षभर वाहिला.

म्हणून, प्रियहो, हसण्याची परीक्षा अशी करावी : हसून झाल्यावर ओझे कोणाच्या डोक्यावर गेले? ते उतरले, की दुसऱ्याच्या डोक्यावर चढले? नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात शेजाऱ्यास फसवून "मी थट्टा करीत होतो" म्हणणाऱ्याची तुलना जळते बाण फेकणाऱ्या वेड्याशी केली आहे. २५ व्या अध्यायात दुःखी माणसापुढे गाणी गाणारा हा थंडीत दुसऱ्याचे वस्त्र काढून घेणाऱ्यासारखा ठरविला आहे. कचेरीत शिपायाची, वॉर्डात अडाणी रोग्याची, वर्गात तोतऱ्या मुलाची थट्टा करून आपला ताण हलका करणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. वरिष्ठाच्या रागाने आपण पोळतो आणि तो चटका विनोद म्हणून खाली देतो. ते हसू प्रभूचे नव्हे. प्रभूने लहानांस हसविण्याचा विषय केले नाही. त्याने मुसळ मोठ्यांच्या डोळ्यात दाखविले.

निर्दोष हसण्याचा सर्वांत जवळचा विषय म्हणजे आपण स्वतः. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. संसाराचे हाल, विरह, दारिद्र्य, सगळे त्यात आहे. तरी वाचक पानोपानी हसतो, कारण बाई स्वतःची फजिती लपवीत नाहीत. इतकी दुःखे सोसलेल्या बाईंनी कडवट न होता लिहावे, ही आपल्या ख्रिस्ती घराण्याची मोठी ठेव आहे.

शेवटी सारेची आठवण करू. म्हातारपणी पुत्र होईल हे ऐकून ती तंबूच्या आडोशाला मनात हसली. ते अविश्वासाचे, थकलेल्या बाईचे हसू होते. विचारल्यावर तिने भिऊन ते नाकारलेही. देवाने ते हसू तेथेच सोडून दिले नाही. वर्षभराने तिच्या मांडीवर मूल आले आणि त्याचे नाव इसहाक, म्हणजे हसू, असे ठेविले गेले. देव थकलेल्याच्या कडवट हसण्यावर रागावून निघून जात नाही. त्याचेच तो आनंदाचे हसू करतो.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, यंदा एखादे मूल चुकीचे उत्तर देईल तेव्हा हसण्यापूर्वी त्याला विचारा, "बाळ, तुला असे का वाटले?" आणि स्वतः चुकाल तेव्हा मुलांबरोबर मनमोकळे हसा. जे बंधुभगिनी वरिष्ठ जागेवर आहेत त्यांनी हाताखालच्या माणसास रजा द्यावी, पुरेसे हात द्यावेत, मग आनंदाचा उपदेश करावा. नुसत्या विनोदाने ४० खाटांच्या २० होत नाहीत. आणि जे आज थकले आहेत त्यांनी आजीबाईंचे वाक्य उशाशी ठेवून निजावे.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या हातांतले काम तुझे आहे हे आम्ही विसरतो आणि चेहरा कोरडा करून बसतो. आमच्या हसण्याने ज्यांना आम्ही दुखविले त्यांची क्षमा मागण्यास आम्हांस धैर्य दे. रात्रपाळीत जागणाऱ्यांजवळ तू जागा राहा. त्यांचे ओझे वाटून घेणारी माणसे उभी कर, आणि पहाट होण्यापूर्वी एकदा तरी त्यांना हसू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.